सात पाहुण्यांचं ताट

कर्जत,
५ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस मामाचे आशीर्वाद.

तुला फोन करायचा नाही असा तुझा हुकूम आहे, म्हणून पोस्टाची पायरी चढलो. दिवाळीनंतर एकदा फोन केला तर तू नुसतं "मामा, तुमच्यामुळे मी मेले" म्हणालीस आणि फोन कापलास. मी अर्धा तास खुर्चीवरून उठलो नाही. शेवटी तुझ्या आईला फोन लावला. पुष्पा म्हणाली, "आरं दादा, ती मोबाईलवर खेळती. मधी फोन आला का खेळ अडकतो आन् ती तिकडं मरती. रोजचं हाय." इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच माझी लाज वाटली.

आता तेच माझ्या गळ्यात आलं आहे. परवा प्राचार्यांनी बोलावून विद्यापीठाचा कागद हातात दिला. आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स स्पर्धा, आठ संघ, १० फेब्रुवारी, यजमान आपलं कॉलेज. मी म्हणालो, साहेब, मी कबड्डीचा माणूस. साहेब म्हणाले, तुम्ही क्रीडा संचालक, आणि ई-स्पोर्ट्सच्या नावात स्पोर्ट्स आहे. संपलं. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं की बूड हलवा. आता बूड न हलवता खेळणाऱ्यांना मेडल द्यायचं.

तू कॉम्प्युटर शिकतेस आणि दिवसातून चारदा मरतेस, म्हणजे तुला कळत असेल. मैदान किती बाय किती लागतं, संघात किती, राखीव किती, वजनगट कोणता, पंच कुठून आणायचे, ते सविस्तर कळव. कागदावर 'लाइव्ह स्पर्धा' लिहिलं आहे. आमचे आजवरचे सगळे सामने जिवंत माणसंच खेळली, यात नवीन काय ते समजलं नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा मामा,
हनुमंत

राहाता,
११ जानेवारी २०२६

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र आईने आधी वाचलं, मग पप्पांनी वाचलं, मग मला मिळालं. पप्पा विचारत होते, 'दिवसातून चारदा मरतेस' म्हणजे काय. पुढच्या वेळी पाकीट चिकटवा, नुसती घडी घालून स्टेपलरची पिन मारू नका.

मैदान लागत नाही. वजनगट नाही. पुन्हा लिहिते, वजनगट नाही. टेबलं, खुर्च्या, न जाणारी वीज आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट लागतं, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं चालेल. संघात पाच जण आणि एक राखीव. पाचही जण आपापल्या मोबाईलवर, पण एकाच खेळात असतात. त्यातला एक जण बाकीच्या चौघांना सांगत राहतो, कुठे जायचं, कधी थांबायचं, कोणावर तुटून पडायचं. त्याला आम्ही कॉल देणं म्हणतो. पंच पुण्यात बसतात. ते इंटरनेटवर एक रूम उघडतात, दोन्ही संघ तिच्यात शिरतात आणि सामना सुरू होतो. त्याच वेळी तो सगळ्यांना मोठ्या पडद्यावर आणि घरबसल्याही दिसतो. याला लाइव्ह म्हणतात.

आणि मामा, त्या आठ संघांत एक आमचा आहे. कॉल मी देते.

ही जागा मला सहज मिळालेली नाही. पहिल्या वर्षी मी मागे बसून कोण कुठे चुकला ते वहीत लिहायचे. दुसऱ्या वर्षी राखीव. गेल्या ऑक्टोबरमध्ये कॉल देणाऱ्या हर्षलचं मनगट दुखावलं म्हणून मला बसवलं, आणि त्यानंतर आम्ही एकवीस सामन्यांत फक्त दोन हरलो. आता हर्षल राखीव आहे. तुमच्याकडच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडणार आहेत. माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी विद्यार्थी नसेन, त्यामुळे मला ही एकच संधी आहे.

पप्पांना 'कॉम्प्युटरची स्पर्धा' एवढंच सांगितलं आहे. तुम्ही जास्त काही सांगू नका.

तुमची,
रोहिणी

कर्जत,
१७ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस आशीर्वाद. तिळगूळ पुष्पाकडे पाठवला आहे, त्यातला तुझा वाटा माग.

तू संघात आहेस हे वाचून बरं वाटलं. घराण्यात कुणीतरी खेळाडू निघालं, बसून खेळणारं का होईना.

तयारी जोरात आहे. स्वागत समिती, भोजन समिती, मंडप समिती, शिस्तपालन समिती अशा चार समित्या केल्या. तू वजनगट नाही म्हणतेस ते मान्य. पण विद्यापीठाच्या छापील प्रवेशअर्जात वजनाचा रकाना आहे, आणि रकाना मोकळा राहिला की अर्ज परत येतो हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा वजन होणार. गोरक्ष शिपायाने काटा पुसून ठेवला आहे. डॉक्टर सांगितले आहेत, सुजेवर मारायच्या स्प्रेचे चार डबे आणले आहेत. बोटाला मारता येईल.

विजेसाठी सबस्टेशनच्या कानिफनाथ वायरमनला भेटलो. मला वाटलं, तासभर समजावून सांगावं लागणार. तो म्हणाला, "सर, धा तारखेला लाईट जानार न्हाई, ती जबाबदारी माजी. पन मला फुडची खुर्ची पायजे. मी लई खेळतो ह्ये." पंचेचाळिशीचा माणूस, खांबावर चढतो आणि खाली उतरून हे खेळतो. पुढची खुर्ची त्याच्या नावाने लिहून ठेवली.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष सूर्यभानराव येणार. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. कार्यक्रम दहा ते बारा. तुमचे सामने त्यानंतर जेवणं उरकून निवांत सुरू करू.

मामा

राहाता,
२३ जानेवारी २०२६

ती. मामा,

तुमचं पत्र मी संघाला वाचून दाखवलं. स्प्रेपर्यंत सगळे हसत होते. 'दहा ते बारा' वाचल्यावर कुणी हसलं नाही.

मामा, सामने निवांत सुरू होत नाहीत. पहिला सामना अकरा वाजता आहे आणि तो आमचा आहे. पुण्याची माणसं अकराला रूम उघडतात आणि अकरा दहाला बंद करतात. कर्जतला कोण पाहुणा आला, कोण यायचा आहे, हे त्यांना माहीत नसतं. सूर्यभानरावांचं भाषण चालू आहे म्हणून ते थांबणार नाहीत.

खालचं वाक्य मी लाल पेनाने लिहिते आहे.

रूम बंद होताना आत जे पाच जण असतील तेच पाच दिवसभर खेळतात. नंतर बदल होत नाही.

समजा मी अकरा अकराला जागेवर आले, तर माझ्या जागी हर्षल असेल, आणि तो पहिला सामनाही खेळेल, उपांत्यही आणि अंतिमही. मी प्रेक्षकांत. निवड खेळलेल्यांमधून होणार आहे.

तुम्हाला जमत असेल तर आधी सामने सुरू करा. अध्यक्ष येतील तेव्हा दोन सामन्यांच्या मधल्या वेळात उद्घाटन करा. ते जमत नसेल तर साडेदहाला सगळं संपवा. आणि मी तुमची भाची आहे हे तिथे कुणाला सांगू नका. मुलगी आहे म्हणून घेतली हे मी तीन वर्षं ऐकते आहे. आता मामाचं कॉलेज आहे म्हणून घेतली, हे नको.

रोहिणी

कर्जत,
३० जानेवारी २०२६

चि. रोहिणीस आशीर्वाद.

लाल पेन मास्तरांच्या हातात असतो, भाच्यांच्या नाही. तरी वाचलं.

पाहुण्यांच्या आधी सामने सुरू करायचे हे विसर. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे, ते मला इथेच काढायचं आहे. पण कार्यक्रम पुढे ओढला. अध्यक्षांना साडेनऊची वेळ दिली. साडेदहाला आभार. हा माझा शब्द. भाची असल्याचंही बोलणार नाही.

राखीव खेळाडूचं मात्र मला शिकवू नकोस. राखीव कधी आत घ्यायचा आणि कधी बाहेर काढायचा यात माझं आयुष्य गेलं.

येताना स्वेटर आण, हॉलमध्ये गार असतं.

मामा

कर्जत,
१४ फेब्रुवारी २०२६

चि. रोहिणीस आशीर्वाद.

तू न जेवता गेलीस. न सांगता गेलीस. भोजन समितीने पन्नास पानं जास्त मांडली होती आणि माझी स्वतःची भाची बाहेर गाडीत बसून राहिली, हे मला गोरक्षने संध्याकाळी सांगितलं. पुष्पाचा फोन आला, "दादा, तू पोरीला काय बोल्लास? घरी आल्यापून त्वांड उघडंना." मी काय बोलणार? मी तर तुझं कौतुक केलं.

कार्यक्रम उत्तम झाला. वीज गेली नाही. वजनं अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस झाली. अध्यक्षांची गाडी मिरजगावात अडकली म्हणून ते दहा पन्नासला पोचले आणि सोबत आणखी सहा जणांना घेऊन आले. आता सात माणसं दारात उभी, आणि स्वागत समितीच्या सत्यशीला मॅडमनी सांगितलेल्या मुली प्रॅक्टिकलला बसलेल्या. ताट तयार, शाली तयार, नारळ तयार, धरायला कोणी नाही. तेवढ्यात तू समोर दिसलीस. चांगला ड्रेस घातलेली, केस नीट बांधलेले. माझ्या तोंडून माइकवर निघून गेलं, "आमची भाची कुमारी रोहिणी हिने ताट घेऊन यावं." निघून गेलं ते गेलं. शब्द मोडला हे कबूल. पण तू ताट इतकं व्यवस्थित धरलंस की अध्यक्षांनी विचारलं, "ही मुलगी कोणाची?"

तुझ्या जागी तो हर्षल बसला होता, बरा खेळला. तुझा संघ दुसरा आला. यात रुसण्यासारखं काय आहे? सत्कार झाल्यावर तू जाऊन त्याला उठवायचं आणि बसायचं. पहिल्या पाच मिनिटांत काय बिघडतं? कबड्डीत आम्ही दहा-दहा मिनिटं राखीव खेळवून मुख्य गड्याला नंतर उतरवतो. हरणं-जिंकणं चालायचंच, खेळाडूने मन मोठं ठेवावं.

पेपरात फोटो आला आहे, सोबत कात्रण पाठवतो. तुझं वजनाचं प्रमाणपत्र राहून गेलं होतं, तेही आहे.

मामा

राहाता,
२० फेब्रुवारी २०२६

मामा,

कात्रण पाठवायची गरज नव्हती. पप्पांनी तोच फोटो कापून कपाटाच्या काचेला आतून चिकटवला आहे. येईल त्याला दाखवतात, आमची रोहिणी अध्यक्षांच्या शेजारी. मी कपडे काढायला कपाट उघडते तेव्हा रोज मी ताट घेऊन उभी असते.

तुम्ही विचारलंत, पाच मिनिटांत काय बिघडतं. पाच मिनिटं नव्हती. मी मोजली आहेत, कारण माझ्यासमोर घड्याळ होतं. स्टेजच्या मागच्या भिंतीवर तुम्ही मोठा पडदा लावला होता, सामने लाइव्ह दाखवायला. पाहुण्यांची पाठ भिंतीकडे होती, तुमची पण. ताट घेऊन मी तुमच्यासमोर, म्हणून फक्त माझं तोंड पडद्याकडे होतं. दहा अठ्ठावन्नला तुम्ही माझ्या हातात ताट दिलंत. अकराला रूम उघडली. पडद्यावर आमच्या कॉलेजचं नाव आलं आणि खाली चार जणांची नावं आली. पाचवी जागा रिकामी. शेजारी आकडे उलटे पळत होते.

तुम्ही पहिल्या पाहुण्यांचा परिचय करून दिलात. शाल, नारळ, फोटो. मग फोटोवाला म्हणाला, परत एकदा. दुसरे पाहुणे. तिसऱ्यांची शाल ताटात खाली गेली होती, ती मी काढून दिली. चौथ्यांच्या वेळी तुम्ही त्यांच्या वडिलांच्या आठवणी सांगितल्या. हर्षल दोनदा मागे वळून माझ्याकडे बघत होता. तो वाईट मुलगा नाही. त्याने मोबाईलवरून पुण्याच्या पंचांना थांबायला सांगितलं, त्यांनी सांगितलं की चार जण खेळा किंवा पाच, तुमचं तुम्ही ठरवा. सहाव्या पाहुण्यांच्या वेळी पडद्यावर पाचवं नाव आलं. हर्षलचं. तेव्हा माझ्या ताटात एक शाल आणि एक नारळ उरला होता.

ताट टाकून का नाही पळालीस, असं संघातल्या पोरांनी मला गाडीत विचारलं. तुम्ही माइकवर नाव घेतलंत, भाची म्हणालात, तीनशे लोकांनी माझ्याकडे बघितलं. ताटात नारळ होते. नारळ खाली पडला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. मला माझा फार राग येतो आहे, आणि तुमचा त्याहून जास्त.

हे कबड्डी नाही, हे मी लाल पेनाने लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि तुम्हाला आधीपासून जे माहीत होतं तेच त्यात वाचलंत. पण समजा कबड्डीच असती. तुमचा मुलगा चढाईला निघाला आहे, रेषेवर पाय ठेवला आहे. पाहुणे आले म्हणून तुम्ही त्याला ताट धरायला बोलावलं असतं का? हॉलमध्ये त्या वेळी सत्तेचाळीस मुलं खुर्च्यांवर बसली होती. एकालाही बोलावलं नाहीत.

सकाळी नऊला तुम्ही स्वतः मला काट्यावर उभं केलंत. सत्तेचाळीस किलो, असं मोठ्याने सांगितलंत आणि खेळाडूंच्या यादीत लिहिलंत. दोन तासांनी मी तुम्हाला खेळाडू दिसले नाही. चांगला ड्रेस दिसला. तो ड्रेस मी लाइव्ह दिसणार म्हणून घातला होता.

विद्यापीठाच्या संघात हर्षलची निवड झाली.

प्रमाणपत्र परत पाठवते आहे. रकाना भरायला ठेवा.

रोहिणी

कर्जत,
१७ मार्च २०२६

चि. रोहिणीस,

महिना होत आला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी तुला रागावलो होतो, दुसऱ्यात समजावत होतो, तिसऱ्यात माझ्या नोकरीचं रडगाणं होतं. हे चौथं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कपाटातून तुझी आधीची पत्रं काढून पुन्हा वाचली. लाल वाक्य दोनदा वाचलं. त्यात न कळण्यासारखा एकही शब्द नाही. एकतीस वर्षं मी पोरांना सांगतो, पंचाचा नियम कान देऊन ऐका, अर्ध्यावर 'माहीत आहे' म्हणू नका. मी पहिल्या शब्दाला 'माहीत आहे' म्हणून मोकळा झालो होतो.

आणखी एक तुला माहीत नसलेलं सांगतो, तुला राग येईल तरी. सत्कार चालू असताना कानिफनाथ स्टेजच्या कडेला आला होता. माझा शर्ट ओढून म्हणाला, "सर, राहात्याच्या टीममधी चारच जन दिसत्यात. पाचवं गडी कुठंय?" मी त्याला म्हणालो, तू पंखा बघ. पाचवा गडी माझ्या शेजारी ताट घेऊन उभा होता.

विद्यापीठाला माझ्या सहीने पत्र दिलं. आयोजकाच्या चुकीमुळे कु. रोहिणी सहादेव गाडेकर हिला खेळता आलं नाही, चूक सर्वस्वी माझी, तिची स्वतंत्र चाचणी घ्यावी. प्राचार्य म्हणाले, असं लेखी कशाला देता? मी दिलं. नंतर दोनदा बसने पुण्याला जाऊन आलो. तिथे सगळे चांगले बोलले. यादी बंद झाली म्हणाले. तुझीच भाषा बोलले, रूम बंद झाली की बदल होत नाही. माझ्याकडून काही झालं नाही, रोहिणी. मला हे लिहायला फार वाईट वाटतं आहे.

तू बोलत नाहीस म्हणून मी पुष्पाला म्हणालो, तू तिची समजूत घाल. ती म्हणाली, "म्या न्हाई घालायची. तू राज्याला खेळून आल्ता तवा गावानं तुजा सत्कार केल्ता. ताट म्याच धरलं हुतं. धा जनांची भाषनं झाली. हात लई भरून येत्यात दादा, तुला काय ठावं." मला त्या सत्काराचं सगळं आठवतं. फेटा आठवतो, हार आठवतो, कोण काय बोललं ते आठवतं. ताट कोणी धरलं होतं ते आठवत नव्हतं.

परवा आमचं वार्षिक पारितोषिक वितरण झालं. अध्यक्ष तेच. सत्यशीला मॅडमनी दोन मुली तयार ठेवल्या होत्या, त्यातली एक धावण्यात पहिली आलेली, तिला बक्षीस घ्यायचं होतं. मी दोघींना खुर्चीवर बसवलं आणि ताट स्वतः उचललं. हॉलमध्ये मागून हसू आलं. सूर्यभानराव म्हणाले, "सर, तुम्ही कशाला, एखाद्या मुलीला बोलवा की." मी म्हणालो, मुली खेळाडू आहेत साहेब, आज त्यांचं काम आहे. त्यांनी शाल घेतली. पण प्राचार्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती दीड वर्ष पुरेल.

सहा पाहुणे, बावीस मिनिटं. मी कबड्डीत सव्वादोन मणाचे गडी धरून ठेवले आहेत. पंधराव्या मिनिटाला माझे हात भरून आले. नारळ पडेल अशी भीती वाटली, आणि तुझं पत्र आठवलं.

दाजींना मी फोन करून सगळं सांगितलं. तू खेळायला गेली होतीस, कॉल देत होतीस, आणि त्या फोटोत तुझी स्पर्धा बुडत होती, असं स्पष्ट सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. त्यांनी फोटोचं पुढे काय केलं, मला माहीत नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

मामा

राहाता,
२५ मार्च २०२६

ती. मामांना नमस्कार.

पप्पांनी फोटो काढला नाही. पण तुमच्या फोननंतर संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "कॉल देती म्हंजी काय करती, दाव बरं." मी एक सामना खेळून दाखवला. त्यांना काही कळलं नाही. मी चौघांना ओरडून सूचना देत होते तेवढं मात्र कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ऊसतोडीचा मुकादम बी असा बोलत न्हाई." आई हसत होती.

तुम्ही पुण्याला दोनदा गेलात हे मला आवडलं नाही. आधी दहा मिनिटं दिली असती तर जावं लागलं नसतं. मी अजून रागावलेली आहे. किती दिवस राहीन सांगता येत नाही. हर्षल विद्यापीठाच्या संघाच्या शिबिराहून फोन करतो, कॉल द्यायला जमत नाही म्हणतो, काय करू विचारतो. मी सांगते. फोन ठेवल्यावर थोडा वेळ रडते आणि मग अभ्यासाला बसते.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पाच मुली आहेत, त्यांना खेळायचं आहे. मेपर्यंत मी इथे आहे, तोवर त्यांना शिकवते आहे. परवा पहिला दिवस होता. कॉल, नकाशा, हत्यारं हे नंतर. पहिला नियम मी फळ्यावर लिहिला, लाल खडूने. सामन्याच्या दिवशी कोणी हातात काहीही दिलं तर ते जमिनीवर ठेवायचं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. एकीने विचारलं, देणारं घरचं माणूस असलं तर? मी म्हणाले, मामा असला तरी.

तुमचे हात आता कसे आहेत?

सहा ते साडेसात त्यांचा सराव असतो, तेव्हा फोन करू नका. साडेसातनंतर केलात तर उचलीन.

रोहिणी